कपाटांतलें जहाज, मेजावरची आगगाडी



एखाद्या स्नेह्याच्या घरीं गेलें असतां दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत हातभर लांबीचें शिडाचें जहाज ठेवलेलें दिसतें. “सुरेख आहे हो! कोठून आणलेंत?” असें आपण सहज विचारतों. “आणलें नाहीं, केलें. अडीच वर्षें लागलीं,” असें उत्तर मिळालें म्हणजे मात्र आपण क्षणभर गोंधळून जातों. अडीच वर्षें, आणि तीं एका खेळण्यासाठीं? चांगल्या शिकल्यासवरल्या, संसारी माणसानें रविवारची दुपार हातांत चिमटा धरून सुतळीच्या धाग्याला गांठी मारण्यांत घालवावी, हें काय खूळ आहे, असा प्रश्न मनांत येतो; सभ्यपणामुळें तो ओठांवर येत नाहीं, इतकेंच. ज्या गृहिणीच्या स्वयंपाकघरांतील वाट्या रोगणाच्या कामीं नाहींशा होतात, तिच्या ओठांवर तो येतोहि. आज ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहें.

हें खूळ नवें नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. गुजराथेंतील लोथल येथील उत्खननांत भाजलेल्या मातीची चिमुकली होडी सांपडली. ती चार हजार वर्षांइतकी जुनी आहे. मिसर देशांत मेकेत्रे नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत वल्हेकऱ्यांसह लांकडी होड्यांचा एक सबंध ताफा १९२० सालीं मिळाला. मृताला परलोकींचा प्रवास घडावा, अशी त्यामागची श्रद्धा होती. परंतु प्रमाणबद्ध प्रतिकृति ही ह्याहून निराळी गोष्ट आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या आरमाराकरितां युद्धनौकांच्या ज्या लहान प्रतिकृती तयार होऊं लागल्या, त्यांत बहुधा खऱ्या जहाजाच्या एका फुटास पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, असें प्रमाण धरलेलें असे. त्यांच्या खालच्या भागावर मुद्दाम फळ्या बसवीत नसत. कारण आंतले वांक, म्हणजे जहाजाच्या बरगड्या, पाहणाऱ्याला दिसाव्यात असा हेतु असे. मूर्तीला डोळे असतात, पण तिला दिसत नाहीं. बाहुलीला हात असतात, पण ती कांहीं उचलीत नाहीं. प्रमाणबद्ध प्रतिकृतीचें तसें नाहीं. ती मूळ वस्तूविषयीं साक्ष देते, आणि साक्ष म्हटली कीं तेथें खरें-खोटें आलें.

आतां प्रमाण म्हणजे काय तें पाहूं. शहाण्णवास एक हें प्रमाण घेतलें, तर खऱ्या जहाजाचे आठ फूट आपल्या मेजावर एक इंच होतात. लांबी शहाण्णव पटींनीं घटते, हें सहज ध्यानांत येतें. पृष्ठभाग मात्र शहाण्णव गुणिले शहाण्णव, म्हणजे ९,२१६ पटींनीं घटतो. आणि घनफळ तर ८,८४,७३६ पटींनीं. ह्या हिशेबाचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. माणसाचा एक केंस ह्या जगांत बोटाच्या निम्म्या जाडीचा दोर ठरतो. रंगाचा थर कागदाएवढा, म्हणजे एक दशांश मिलिमीटर चढला, तर खऱ्या जहाजावर जवळजवळ एक सेंटिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखें होतें! सागवानी जहाजाची प्रतिकृति सागवानांतच करावी असें नवशिक्याला वाटतें. परंतु सागाच्या रेषा ह्या जगांत वीतभर रुंदीच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. म्हणून हेदूसारखें बारीक पोताचें लांकूड घेऊन त्यालाच सागाचा रंग द्यावा लागतो. खऱ्याचा भास होण्यासाठीं खरी वस्तु टाकावी लागते, हा ह्या कलेंतला पहिला धडा होय.

उदाहरणादाखल एक जहाज घेऊं. आणि तें आपल्या मुंबईचेंच घेऊं. त्याचें नांव ‘ट्रिंकोमाली’. इंग्लंडच्या आरमारासाठीं हें जहाज मुंबईच्या गोदींत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं मलबारी सागवानांत बांधलें आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं तें पाण्यांत सोडलें. पारशी परंपरेस अनुसरून त्याच्या कण्यांत रुप्याचा एक खिळा ठोकण्यांत आला होता, असें सांगतात. दोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, त्याचें नांवहि मध्यंतरीं बदललें आणि पुन्हां मूळचें झालें, तरी तें जहाज अजून शाबूत आहे. इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत तें पाण्यावर उभें आहे. ज्याला प्रतिकृति करावयाची, त्याला ह्याहून मोठें भाग्य कोणतें?

ह्या जहाजाच्या नकाशांची कथा ऐकण्याजोगी आहे. त्याचा मूळ घाट इंग्रजी नव्हे, फ्रेंच. १७८२ सालीं इंग्रजांनीं ‘हेबे’ नांवाचें फ्रेंच जहाज पकडलें. त्याची ठेवण त्यांना इतकी पसंत पडली कीं तिच्यावरून त्यांनीं एक सबंध वर्गच्या वर्ग बांधला. त्या वर्गाचे नकाशे मुंबईस पाठविले, ते ‘जावा’ ह्या जहाजावरून. वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ १८१२ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या जहाजाशीं ‘जावा’ची गांठ पडली, तिचा पाडाव झाला, आणि नकाशेहि गेले. पुन्हां नकला काढून धाडाव्या लागल्या, आणि बांधकाम लांबणीवर पडलें. म्हणजे पाहा, लांकूड मलबारचें, हात मुंबईचे, पण जहाजाचा घाट मात्र फ्रान्सहून इंग्लंडला आणि इंग्लंडहून मुंबईस केवळ कागदावरून आला. घरीं प्रतिकृति करणारा मनुष्य आज नेमकें हेंच करतो. वाडियांनीं जसा कागद वाचला, तसा तो वाचतो.

ह्या कागदांत तीन चित्रें असतात: जहाज बाजूनें कसें दिसतें तें, वरून कसें दिसतें तें, आणि पुढून-मागून कसें दिसतें तें. तिसऱ्या चित्रांत कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें एकांत एक वक्ररेषा काढलेल्या असतात. जहाज पावासारखें कापीत गेलें असतां प्रत्येक ठिकाणीं त्याचा जो आकार मिळेल, ती ती रेषा. ह्या रेषांबरहुकूम पातळ फळीचे तुकडे कापावयाचे, ते कण्यावर ओळीनें उभे करावयाचे, आणि त्यांवर वाफेनें मऊ केलेल्या पट्ट्या एकेक करून बसवावयाच्या. पट्टी नाळेकडे अरुंद करीत न्यावी लागते. नाहीं तर तेथें पट्ट्यांची गर्दी होऊन त्या एकमेकींवर चढतात. मग पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे. खऱ्या जहाजास लांकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्यापासून जपण्यासाठीं चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असे पत्रे मारीत. आपल्या प्रमाणांत त्यांतला प्रत्येक पत्रा अर्ध्या इंचाचा होतो, आणि असे पत्रे शेंकड्यांनीं बसवावे लागतात. दीडशें फुटांचें हें जहाज मेजावर पावणेएकोणीस इंचांचें होतें; पण तेवढ्यांत करणाऱ्याची अडीच वर्षें कोठें जातात, हें आतां आपल्या ध्यानांत आलें असेल.

आतां आगगाडीकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली उतारूंची गाडी गेली, हें प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, एकवीस मैलांचा पल्ला, आणि ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ अशीं तीन इंजिनें. हीच गाडी आपल्या मेजावर आणावी असें कोणालाहि वाटेल. पण येथें जहाजाच्या नेमकी उलट स्थिति आहे. जहाज डोळ्यांपुढें उभें आहे. त्या तीन इंजिनांपैकीं एकहि आज पाहावयास मिळत नाहीं.

पहिली अडचण रुळांची. आपल्या देशांतील मोठ्या रुळांतलें अंतर साडेपांच फूट. इंग्लंडचें चार फूट साडेआठ इंच. इंग्रज हौशी लोक एका फुटास चार मिलिमीटर असें प्रमाण धरतात. त्या हिशेबानें आपले रूळ बावीस मिलिमीटर अंतरावर हवेत. बाजारांत मात्र त्या प्रमाणाच्या गाड्यांसाठीं साडेसोळा मिलिमीटरचे रूळ मिळतात. ते इंग्रजी गाडीलाहि अरुंदच पडतात, मग आपल्या गाडीची काय कथा? पाऊण रुंदीच्या रुळांवर उभें केलेलें इंजिन जाड माणसाला मुलाचे जोडे घातल्यासारखें दिसतें. ज्याला खरें करावयाचें, त्याला रूळहि स्वतःच घालावे लागतात.

दुसरी अडचण जागेची. बोरीबंदर ते ठाणें हा एकवीस मैलांचा मार्ग ह्याच प्रमाणांत घातला, तर तो ४४३ मीटर भरेल. एवढें मेज कोणाच्या घरीं आहे? म्हणून एखादें स्थानक, एखादी खाडी, एखादा पूल निवडून बाकीचें पाहणाराच्या कल्पनेवर सोडावें लागतें. वेगाचेंहि तसेंच. खरी गाडी ताशीं वीस मैल धांवत असेल, तर आपली गाडी सेकंदाला अवघी बारा सेंटिमीटर सरकली पाहिजे. मुलें ती भरधांव सोडतात, आणि पहिल्याच वळणावर ती उलटते. ह्याचें कारण आतां वेगळें सांगावयास नको.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती पुराव्याची. ठाण्याजवळच्या पुलावर उभ्या असलेल्या गाडीचें एक जुनें छायाचित्र पुस्तकांतून वारंवार छापलें जातें, आणि त्याच्या खालीं ‘पहिली गाडी, १८५३’ असें बेलाशक लिहिलेलें असतें. वास्तविक तें १८५५ च्या सुमाराचें आहे. त्यावरून पूल कसा होता हें कळेल. त्या ऐतिहासिक दिवशीं काय होतें हें कळणार नाहीं. शिवाय त्या काळच्या छायाचित्राच्या कांचेला निळा प्रकाश तेवढा लागे. तांबडा आणि पिंवळा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळें तांबडा डबा चित्रांत काळा उमटे आणि निळें आकाश पांढरें दिसे. चित्रांत काळें दिसतें म्हणून काळा रंग देणारा मनुष्य प्रामाणिकपणेंच चुकतो. म्हणून जुनें चित्र हातीं आलें म्हणजे तें केव्हांचें, कोणीं आणि कशावर घेतलेलें, हे तीन प्रश्न आधीं विचारावे, आणि कुंचला मागाहून उचलावा.

येथें मला माझी स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वीं, शाळेंत असतांना, मीं पत्रा, दाभण आणि सिगारेटचे डबे ह्यांतून वाफेचें एक इंजिन तयार केलें. चार महिने खपलों होतों. हिरवें रोगण दिलें, पितळी पट्ट्या घांसून लखलखीत केल्या, आणि चाळींतल्या सगळ्यांना बोलावून दाखविलें. सगळ्यांनीं वाहवा केली. आमच्या शेजारीं एक आजोबा राहत. रेल्वेच्या कारखान्यांत त्यांनीं सारी हयात फिटर म्हणून घालविली होती. त्यांनीं इंजिन हातांत घेतलें, चष्मा वर केला, चाकें एकदां फिरविलीं, आणि शांतपणें म्हणाले,

“बाळ, छान केलंस. पण हें इंजिन स्टेशनांतून सुटायचं नाहीं.”

“कां, आजोबा?”

“दोन्ही बाजूंचे दांडे तूं एकाच जागीं लावलेस. दोन्ही दट्टे एकदमच टोकाला गेले, तर चाक फिरवणार कोण? एक टोकाला असतांना दुसरा मध्यावर हवा. पाव फेऱ्याचा फरक. तेवढ्यावरच सगळी आगगाडी चालते रे.”

मी हिरमुसलों. घरांतल्या एकाहि माणसाला ती चूक दिसली नव्हती, आणि दिसली नसतीहि. पण त्या दिवसापासून मला तें इंजिन पाहवेना. रात्रीं चाकें काढलीं, पाव फेरा फिरवून पुन्हां बसविलीं, आणि सकाळीं आजोबांना नेऊन दाखविलें. त्यांनीं चाक फिरवून पाहिलें आणि नुसती मान हलविली. ती मान हलली तेव्हां मला प्रथम कळलें कीं मीं जें केलें तें इंजिनाचें चित्र नव्हतें, तें इंजिन होतें.

ह्या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि तें तितकें सुखाचें नाहीं. आजोबा पुढें पांच-सहा वर्षें होते. त्यांना हजार गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत: कोणत्या इंजिनाच्या पोटाला आंतून कोणता रंग देत, पितळ कशानें घांसत, कोणता खिळा ढिला होई. मीं त्यांतली एकच विचारली, आणि तीहि विचारली नव्हती. त्यांनीं आपण होऊन सांगितली होती. बाकीच्या त्यांच्याबरोबर गेल्या.

रंगाविषयीं थोडेंसें सांगतों. कारण चांगलें काम बहुधा येथेंच बिघडतें. प्रथम वस्तु साबणाच्या पाण्यानें धुवून वाळवावी. बोटांचा तेलकटपणा राहिला कीं रंग पापुद्रा धरून निघतो. मग करड्या रंगाचें पातळ अस्तर द्यावें. अस्तराचा खरा उपयोग असा कीं त्यांत प्रत्येक ओरखडा दिसून येतो. तो घांसून काढावा आणि पुन्हां अस्तर द्यावें. रंगाचा एक जाड हात देण्यापेक्षां चार पातळ हात द्यावेत, आणि दोहोंमध्यें धीर धरावा. फिका रंग आधीं, गडद मागाहून. दुसरी गोष्ट चकाकीची. शंभर हातांवरून पाहिलेलें जहाज आपण हातभर अंतरावर आणून ठेवतों. परंतु मधल्या हवेनें त्या रंगावर जो पडदा धरलेला असतो, तो आपण बरोबर आणीत नाहीं. म्हणून काळ्यांत थोडा करडा आणि पांढऱ्यांत थोडा पिंवळा मिसळून तीव्रता कमी करावी, आणि शेवटीं मंद व्हार्निश द्यावें. दुरून डोंगर साजरे दिसतात ते उगीच नव्हे! काजळी आणि गंज दाखवावयाचा असेल, तर तो कोठें आणि कां पडतो हें आधीं जाणून घ्यावें. काजळी धुराड्यामागें साचते, गंज पाणी मुरतें तेथें धरतो. आणि प्रसंगहि पाहावा. चारशें पाहुण्यांना घेऊन निघणाऱ्या पहिल्या गाडीवर वीस वर्षांची काजळी फांसणें हें कौशल्य नव्हे, अनाचार आहे.

आतां शेवटचें आणि सर्वांत अवघड उदाहरण. आंग्र्यांच्या आरमारांतील गुराबेची प्रतिकृति करावी, असें कोणत्या मराठी माणसाला वाटणार नाहीं? पण ती करावयास बसलें म्हणजे हात थांबतो. आमच्या किनाऱ्यावरचे मेस्त्री कागदावर नकाशे काढून जहाजें बांधीत नसत. माप त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत असे. ते हात गेले, आणि मापें गेलीं. रॉबर्ट ऑर्म ह्या अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकारानें केलेलें वर्णन आहे: दीडशें टनांची दोन डोलकाठ्यांची आणि तीनशें टनांपर्यंतची तीन डोलकाठ्यांची गुराब, उथळ बुडाची, लांबीच्या मानानें रुंद, पुढें लांब चोंच काढलेली, आणि समोर मारा करणाऱ्या तोफा लाविलेली, बरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांचीं गलबतें. वर्णन उत्तम आहे, पण ते शत्रुपक्षाच्या लेखकाचे शब्द आहेत, आणि शब्दांवरून फळी कापतां येत नाहीं. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर डोलकाठी आणि वल्ह्यांची रांग असलेलीं झुंजणारीं जहाजें कोरलेलीं आहेत. पण ते दगड शिलाहारांच्या काळचे, कान्होजींच्या कित्येक शतकें आधींचे.

मग काय करावें? दोन मार्ग आहेत. एक मार्ग असा कीं, जेथें माहिती संपते तेथें कल्पनेनें भरून काढावें, भगवा फडकवावा, आणि खालीं ‘मराठ्यांची गुराब’ अशी पितळी पाटी ठोकावी. पाहणारे धन्य धन्य म्हणतील. दहा वर्षांनीं कोणी त्या प्रतिकृतीचें चित्र पुस्तकांत छापील, वीस वर्षांनीं तेंच चित्र पुरावा म्हणून पुढें येईल, आणि आपली कल्पना इतिहासांत शिरून बसेल. दुसरा मार्ग असा कीं, जें आधारावर केलें आणि जें तर्कानें केलें, त्याची यादी एका कागदावर लिहून ती प्रतिकृतीच्या तळाशीं चिकटवावी. हा मार्ग अभिमानाला थोडा टोचतो. पण ज्या पूर्वजांचा गौरव करावयाचा, त्यांच्याविषयीं खोटी साक्ष देऊन तो कसा होणार?

आणि ह्यापेक्षांहि एक निकडीचें काम आपल्यापुढें आहे. आजहि कोंकणच्या खाड्यांतून जुने लांकडी मचवे कोठें कोठें चिखलांत कलंडून पडलेले दिसतात. फायबरच्या होड्यांनीं त्यांची जागा झपाट्यानें घेतली आहे. थोड्याच वर्षांत त्यांचें सरपण होईल. ब्रॉडगेजवरचीं वाफेचीं इंजिनें १९९५ च्या सुमारास नेहमींच्या कामांतून गेलीं. तीं चालविणारे आणि दुरुस्त करणारे लोक आज म्हातारे आहेत, पण आहेत. सुटींत गांवीं जाल तेव्हां पिशवींत एक मापनफीत आणि एक वही टाका. मचव्याची लांबी, रुंदी, खोली घ्या. दर दोन फुटांवर त्याचा आकार कसा बदलतो तें टिपून ठेवा. मेस्त्री जवळपास असला तर प्रत्येक भागाचें नांव त्याच्या तोंडून लिहून घ्या. शेजारीं कोणी जुने फिटर किंवा ड्रायव्हर असतील, तर त्यांना चहाला बोलवा आणि विचारा. प्रतिकृति उद्यां केली तरी चालेल. माप मात्र आजच घेतलें पाहिजे.

घरांत मुलें असतील तर त्यांना पुण्यास कोथरुडांतील जोशी यांच्या लघु रेल्वे संग्रहालयांत एकदां अवश्य घेऊन जा. लहानशा गाड्या सिग्नल पाहून थांबतात आणि सुटतात, हें पाहतांना मोठ्यांचेहि डोळे लहान मुलांसारखे होतात. परत आल्यावर मुलानें कातरी आणि पुठ्ठा मागितला, तर तो नाकारूं नका. पहिली गाडी वांकडी होईल, दुसरी रुळांवरून घसरेल. तिसरीच्या वेळीं तो चाकाकडे टक लावून पाहत बसेल, आणि दांडा नेमका कोठें लावावा, असें विचारील. त्या वेळीं उत्तर ठाऊक असलेलें माणूस घरांत किंवा शेजारीं असावें, एवढीच इच्छा.

माझें तें हिरवें इंजिन अजून आहे. रोगण तडकलें आहे, पितळ काळें पडलें आहे. पण चाक फिरविलें कीं एक दांडा टोकाला जातो आणि दुसरा मध्यावर येतो. आजोबांची मला उरलेली खूण तेवढीच. आणि ती बरोबर आहे.